शब्बाथ: विश्रांती की उपासना? एका पुस्तकाबद्दल, आणि माझ्या प्रकरणातल्या एका 'की'बद्दल

तुमचा सिनॉप्सिस हाताशी असेल तर त्याचं शीर्षक एकदा वाचून बघा. त्यात 'की' आहे का? 'परंपरा की आधुनिकता', 'भक्ती की बंड', 'विकास की विस्थापन' असं काही? असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्याही एका प्रकरणात असा 'की' होता आणि त्याने माझे चार-पाच महिने खाल्ले.

मी कोकणातल्या बेने इस्रायल समाजाच्या सणवारांवर पीएचडी करते आहे. साहजिकच शब्बाथ टाळता येत नाही. शब्बाथ म्हणजे ज्यू लोकांच्या आठवड्याचा सातवा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा. मूळ हिब्रू धातूचा अर्थ 'थांबणं'. प्रकरण लिहायला बसले तेव्हा मला वाटलं, पहिला प्रश्न सोपा आहे: हा दिवस नेमका कशासाठी आहे, विश्रांतीसाठी की उपासनेसाठी? लिटरेचर रिव्ह्यू करताना या प्रश्नावर थेट बोट ठेवणारं एक पुस्तक सापडलं. हेदर मॅके यांचं 'सॅबथ अँड सिनेगॉग: द क्वेश्चन ऑफ सॅबथ वर्शिप इन एन्शंट ज्युडाइझम'. लायडनच्या ब्रिल या प्रकाशनाने ते १९९४ मध्ये काढलं.

पुस्तक मला इतकं आवडलं की त्याचा निष्कर्ष उचलून मी तो थेट कोकणात आणून ठेवला. तिथेच फसले. पुस्तक वाईट आहे म्हणून नव्हे. ते चांगलं आहे आणि त्यातून दोन गोष्टी शिकता येतात: व्याख्या आधी ठरवण्याचे फायदे, आणि व्याख्या आधी ठरवण्याचे तोटे.

पुस्तक काय म्हणतं

मॅके यांचा दावा थोडक्यात असा. इ. स. २०० च्या सुमारापर्यंत शब्बाथ हा सामान्य ज्यू माणसासाठी सामूहिक उपासनेचा दिवस होता, याला पुरेसा पुरावा नाही. तो कामं थांबवण्याचा दिवस होता. लोक जमत असतील तर ते वाचायला, शिकायला, चर्चा करायला. 'शब्बाथला ज्यू लोक सिनेगॉगमध्ये जाऊन उपासना करत' हे वाक्य आपण जे सहज लिहून टाकतो, ते नंतरच्या काळाचं चित्र मागे नेऊन लावलेलं आहे. त्यात ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या चर्चचीही सावली आहे.

हा दावा लहान नाही. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं गृहीत धरलेली गोष्ट घ्यायची आणि 'दाखवा बरं पुरावा' म्हणायचं, याला धाडस लागतं. आणि त्या नुसतं म्हणून थांबत नाहीत. हिब्रू बायबल, फिलो आणि जोसेफस, ग्रीक-रोमन लेखक, नवा करार, मिश्ना, सुरुवातीचे ख्रिस्ती लेखक, शिलालेख असा सगळा पुरावा त्या एकेक करून तपासतात. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच: इथे शब्बाथच्या दिवशी सामान्य लोक उपासना करताना दिसतात का?

पुस्तकाची ताकद

तुम्ही स्वतः मूळ मजकूर उघडून बघा, म्हणजे हा प्रश्न किती बरोबर आहे ते कळेल. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. 'निर्गम'च्या २० व्या अध्यायात शब्बाथचं कारण दिलं आहे ते सृष्टीच्या निर्मितीचं: देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद'च्या ५ व्या अध्यायात कारण बदलतं. तिथे आठवण करून दिली आहे ती मिसरातल्या गुलामीची, आणि हेतू सांगितला आहे तो असा की तुझ्यासारखाच तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा. 'निर्गम'च्या २३ व्या अध्यायात तर बैल आणि गाढव यांच्या विसाव्याचा उल्लेख आहे. हा बैल लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

या तिन्ही ठिकाणी जमा, गा, प्रार्थना करा असं काही नाही. उलट 'निर्गम'च्या १६ व्या अध्यायात, रानात मान्ना गोळा करण्याच्या गोष्टीत, सातव्या दिवशी ज्याने त्याने आपल्या जागीच राहावं, बाहेर पडू नये, अशी आज्ञा आहे. सभेला जाण्याच्या बरोबर उलट!

नहेम्याच्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात हा राज्यपाल यरुशलेमेतल्या लोकांवर भडकतो. कशावर? शब्बाथला लोक द्राक्षकुंड तुडवतायत, गाढवांवर धान्य लादतायत, सोरहून आलेले व्यापारी मासे विकतायत. तो शहराचे दरवाजे बंद करायला लावतो. 'तुम्ही उपासनेला आला नाहीत' ही तक्रार त्याने एकदाही केलेली नाही. शब्बाथ मोडला म्हणजे काम केलं. उपासना चुकवली म्हणजे शब्बाथ मोडला, असा हिशोब तिथे नाही.

मिश्नामध्येही, म्हणजे इ. स. २०० च्या आसपास संकलित झालेल्या ज्यू नियमसंग्रहात, शब्बाथवरच्या भागाच्या सातव्या अध्यायात निषिद्ध कामांचे ३९ प्रकार दिले आहेत: पेरणं, नांगरणं, मळणं, विणणं, बांधणं, विस्तव पेटवणं आणि असेच बाकीचे. काय करू नये याची इतकी बारीक यादी करणाऱ्या परंपरेचा भर कशावर होता, हे त्यावरून दिसतं.

अजून एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार. आपल्या आत्मचरित्रात तो तिबिर्या शहरातल्या एका सभेचं वर्णन करतो. दिवस शब्बाथचा, जागा 'प्रार्थनागृह' म्हणवली जाणारी मोठी इमारत. आत चालू काय आहे? राजकारण. तावातावाने भाषणं चालू आहेत. ती सभा मोडते ती शब्बाथच्या दुपारच्या जेवणाची वेळ झाली म्हणून. प्रार्थनेचा उल्लेख येतो तो पुढे, जाहीर केलेल्या उपवासाच्या दिवशी. घाईत वाचणारा माणूस 'शब्बाथ, प्रार्थनागृह, प्रार्थना' हे तीन शब्द जवळजवळ पाहून त्यांची मोळी बांधेल. मॅके तशी बांधत नाहीत. कोणतं वाक्य कोणत्या दिवसाबद्दल आहे ते त्या तपासतात. संशोधनात ही सवय फार मोलाची आहे आणि ती लावायची असेल तर हे पुस्तक वाचाच.

व्याख्या कुठे दगा देते

आता अडचणीकडे येऊ. मॅके सुरुवातीलाच उपासनेची व्याख्या ठरवतात. एखाद्या देवाला आदराने, भक्तिभावाने वाहिलेले विधी म्हणजे उपासना. यज्ञबली, प्रार्थना, स्तोत्रगायन हे त्यात आलं. पवित्र ग्रंथाचं वाचन आणि अभ्यास मात्र आपोआप उपासनेत धरलेला नाही. आखलेल्या उपासनाविधीचा भाग म्हणून तो आला असेल, तरच.

व्याख्या आधी ठरवली हे उत्तम. गाईड लोक आपल्याला हेच सांगत असतात. पण व्याख्येची ओळ कुठे आखली यावर अर्धा निकाल तिथेच लागून जातो. पहिल्या शतकातल्या सिनेगॉगबद्दल आपल्याला जे ठळकपणे माहीत आहे ते वाचनच आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू शब्बाथला सभास्थानात जातो आणि यशयाचं पुस्तक वाचतो. 'प्रेषितांची कृत्ये'च्या १५ व्या अध्यायात म्हटलंय की दर शब्बाथला सभास्थानांत मोशेचं वाचन होतं. फिलो सांगतो की सातव्या दिवशी लोक एकत्र बसून नियमशास्त्र ऐकतात, कुणी याजक किंवा वडीलधारा माणूस वाचून अर्थ समजावतो. १९१३-१४ च्या उत्खननात यरुशलेमेत सापडलेला थिओडोटसचा ग्रीक शिलालेख घ्या. बहुतेक अभ्यासक तो इ. स. ७० च्या आधीचा मानतात. त्यात सिनेगॉग बांधण्याचा हेतू दिला आहे: नियमशास्त्राचं वाचन आणि आज्ञांचं शिक्षण. शिवाय परगावच्या लोकांसाठी खोल्या आणि पाण्याची सोय. त्यात प्रार्थनेचा उल्लेख नाही.

म्हणजे सगळा ठळक पुरावा वाचनाचा, आणि वाचन व्याख्येच्या बाहेर. मग निष्कर्ष काय निघणार? उपासना दिसत नाही!

पीटर व्हॅन डर हॉर्स्ट यांनी १९९९ मध्ये, स्टीव्हन फाईन यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथात, मॅकेंना उत्तर देणारा लेख लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता की व्याख्या फार अरुंद आहे, तोराचं वाचन हाच त्या लोकांचा विधी होता. मला हा आक्षेप पटतो, आणि त्याला बळ देणारी एक जागा नहेम्याच्याच पुस्तकात, ८ व्या अध्यायात आहे. एज्रा चौकात सगळ्यांसमोर नियमशास्त्राचा ग्रंथ उघडतो. उघडताच लोक उठून उभे राहतात. तो देवाचा धन्यवाद करतो, लोक हात वर करून आमेन म्हणतात, जमिनीपर्यंत वाकून नमन करतात. मग वाचन आणि अर्थ सांगणं सुरू होतं. हा दिवस शब्बाथ म्हणून सांगितलेला नाही, तो सातव्या महिन्याचा पहिला दिवस आहे. तेव्हा शब्बाथचा पुरावा म्हणून तो वापरता येणार नाही. पण त्या समाजात ग्रंथ उघडणं आणि देवापुढे वाकणं या दोन गोष्टी एकाच दमात होऊ शकत होत्या, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. गावातल्या देवळात ज्ञानेश्वरीचं पारायण चालू आहे. ओव्या वाचल्या जातायत, कुणी अर्थ सांगतंय, बायाबापड्या ऐकतायत. हा अभ्यास की उपासना? तिथे बसलेल्या एखाद्या काकूंना विचारून बघा. त्या तुमच्याकडे ज्या नजरेने बघतील, ती नजर म्हणजेच तुमच्या व्याख्येची परीक्षा.

मॅकेंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. व्याख्या सैल केली की दुसरा धोका येतो. 'सगळंच उपासना' असं म्हटलं की शब्बाथला घरी झोपून राहिलेला माणूसही उपासक ठरतो आणि प्रश्नच विरघळून जातो. 'शब्बाथ पाळणं' आणि 'शब्बाथला जमून उपासना करणं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे. तो नीट न वाचता पहिल्या गोष्टीचं उत्तर म्हणून वापरणारे माझ्यासारखे लोक असतात, त्याला त्या काय करणार?

गप्प असलेला पुरावा

दुसरी अडचण आहे ती 'उल्लेख नाही, म्हणजे नव्हतं' या युक्तिवादाची. हा युक्तिवाद नेहमी चुकीचा असतो असं नाही. नहेम्याचं उदाहरण आठवा. शब्बाथला यरुशलेमेत सार्वजनिक उपासना ही सक्तीची गोष्ट असती, तर तिथल्या ढिलाईबद्दल चिडलेल्या माणसाने तिचा उल्लेख करायलाच हवा होता. तिथे त्याचं गप्प राहणं बोलकं आहे. पण रोमन लेखकांचं काय?

सेनेका, टॅसिटस, जुव्हेनल हे सगळे शब्बाथबद्दल बोलतात आणि सगळ्यांचा सूर एकच: आळस. आयुष्याचा सातवा हिस्सा वाया घालवणारे लोक! हे वाचून कुणालाही वाटेल की शब्बाथला ज्यू फक्त बसून राहत. पण रोमन माणसाला बाहेरून दिसणार काय? बंद दुकान. आत काय वाचलं जातंय, काय म्हटलं जातंय, ते त्याला दिसण्याचं कारण नाही. त्यांच्या लिहिण्यात उपासना नाही यावरून फार काही सिद्ध होत नाही.

आणि बाहेरच्या साक्षीदारांतही एक जण वेगळं बोलतो. अगाथार्किडीस हा इ. स. पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक. त्याचा उतारा जोसेफसने जपून ठेवला आहे. यरुशलेमेतले लोक सातव्या दिवशी शस्त्र उचलत नाहीत, शेती करत नाहीत आणि मंदिरांमध्ये संध्याकाळपर्यंत हात पसरून प्रार्थना करतात, असं तो सांगतो. हाही टिंगलीच्याच सुरात. एकटा साक्षीदार आहे, मान्य. पण एकटा आहे म्हणून त्याला बाजूला सारताना आपण बाकीच्यांना कोणत्या कसोटीवर आत घेतलं, हे विचारायला हवं.

बायबलच्या आतही अशा जागा आहेत. 'गणना'च्या २८ व्या अध्यायात शब्बाथसाठी दोन कोकरांचं जादा अर्पण सांगितलंय. मॅके म्हणतात ते याजकांचं काम, सामान्य लोकांचं नव्हे. हे ठीक. पण 'लेवीय'च्या २३ व्या अध्यायात शब्बाथला 'पवित्र मेळा' म्हटलंय. यहेज्केलच्या ४६ व्या अध्यायातल्या भावी मंदिराच्या चित्रात देशातले लोक शब्बाथला दरवाजापाशी नमन करतात. ९२ व्या स्तोत्राच्या मथळ्यातच ते शब्बाथसाठी आहे असं लिहिलंय. आणि '२ राजे'च्या ४ थ्या अध्यायात एक नवरा बायकोला विचारतो, आज त्या देवमाणसाकडे कशाला निघालीस, आज ना अमावास्येनंतरचा पहिला दिवस, ना शब्बाथ! म्हणजे शब्बाथला संदेष्ट्याकडे जाण्याची रीत असावी. नियम म्हणून सांगितलेलं नाही, एका घरातल्या बोलण्यात सहज येऊन गेलंय. असे पुरावे मला नियमांच्या यादीपेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात.

माझी चूक: शनवार तेली

आता कोकणात येऊ. बेने इस्रायल समाजाचा परंपरागत धंदा तेल गाळण्याचा. अलिबागच्या आसपासच्या गावांत त्यांचे घाणे होते. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्येही हे नाव येतं. त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ उरले नव्हते. 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी लक्षात राहिली होती, असं परंपरा सांगते. त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत उभं राहिलं ते १७९६ मध्ये, सामुएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलेलं.

मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं! सिनेगॉग नाही, ग्रंथ नाही, पण शब्बाथ आहे. मॅकेंच्या सिद्धांताला यापेक्षा चांगला जिवंत दाखला कुठला? मी झोकात लिहिलं: 'कोकणातील बेने इस्रायलांसाठी शब्बाथ ही निव्वळ विश्रांती होती. त्याला उपासनेचे रूप सिनेगॉगनंतर आले.' शेजाऱ्यांनी दिलेलं नावच त्याचा पुरावा, असंही जोडलं.

मॅडमनी प्रकरण वाचलं आणि समासात पेन्सिलीने तीन शब्द लिहिले: 'सोमवार तेली कोण?'

कोकणात सोमवार तेलीही होते. हे हिंदू तेली, सोमवारी घाणा बंद ठेवणारे. आणि सोमवार कुणाचा, हे मराठी माणसाला सांगायला नको. आता विचार करा. ज्या गावात एक तेली महादेवाच्या वारी घाणा थांबवतो, त्या गावाने दुसऱ्या तेल्याचा शनिवारी थांबलेला घाणा बघून त्याला 'शनवार तेली' हे नाव दिलं. त्या गावाच्या डोक्यात 'हे लोक सुट्टी घेतात' असं असेल, की 'हा यांचा वार आहे' असं? नाव एकाच साच्यातून आलंय. मी त्यातून विश्रांती तेवढी वेचून काढली आणि उपासना टाकून दिली. गावाने तशी वेचणी केलीच नव्हती.

मराठीत आपण म्हणतो 'वार पाळणं'. सोमवार पाळतात, शनिवार पाळतात. मराठी बायबलमध्येही शब्बाथ 'पाळायचा' असतो. या 'पाळणं'मध्ये विश्रांतीही आहे आणि उपासनाही आहे, त्यांची वाटणी झालेली नाही. अमुक वारी अमुक करायचं नाही, आणि ते न करणं देवासाठी. उपासाचं बघा. उपास म्हणजे न खाणंच ना? पण उपास ही उपासना नाही असं आपल्याकडे कोण म्हणेल? मॅकेंच्या व्याख्येत केलेल्या गोष्टी मोजल्या जातात, न केलेल्या मोजल्या जात नाहीत. आणि शब्बाथ तर मुळात न करण्याचा दिवस.

तो बैल आठवतोय ना, 'निर्गम'मधला? घाणा ओढणारा बैलही शनिवारी उभाच राहत असणार. त्याला ना शेमा येत होता, ना स्तोत्र. तरी तो आज्ञेच्या आत होता. 'विश्रांती की उपासना' या प्रश्नात त्या बैलाला कुठे बसवायचं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण प्रश्नाची मांडणी चुकली आहे हे मला त्या बैलाने दाखवलं.

मुलाखतीतही मी हाच 'की' घेऊन गेले होते. अलिबाग तालुक्यातल्या एका आजींना विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी शनिवार आरामाचा असायचा की प्रार्थनेचा?" आजी जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारीच सगळं रांधून ठेवायचं. शनिवारी चूल नाही. आणि कुणी पैशाचं बोलायला आलं ना, तर आई दारातूनच सांगायची, उद्या या." माझ्या वहीत दोन रकाने आखलेले होते, एक विश्रांतीचा, एक उपासनेचा. 'उद्या या' कुठे लिहू? रात्री ते दोन्ही रकाने खोडले.

एक सावधगिरीही सांगते. या आजींची आठवण विसाव्या शतकातली आहे. तिच्यावरून १७९६ च्या आधीचं काही सिद्ध होत नाही. आणि कोकणातल्या गावावरून पहिल्या शतकातल्या यरुशलेमेबद्दल तर मुळीच काही सिद्ध होत नाही. कोकणच्या दाखल्याने मॅके चूक ठरत नाहीत. माझी व्याख्या कुठे फाटते ते तेवढं त्याने दाखवलं. दाखला आणि पुरावा यांच्यातला हा फरक वायव्हाला नक्की विचारला जातो.

मग उत्तर काय?

पुराव्यावरून मला आज जेवढं म्हणता येतं ते असं. सगळ्यात जुन्या आज्ञांचा गाभा थांबणं हाच आहे, आणि त्यात दास, परदेशी, जनावर सगळे येतात. मंदिरात त्या दिवशी जादा अर्पण होत होतं, पण ते याजकांचं. इ. स. पहिल्या शतकापर्यंत जमून वाचन करणं ही रूढ गोष्ट झाली होती, आणि त्या वाचनाला 'नुसता अभ्यास' म्हणणं मला पटत नाही. ठरलेल्या क्रमाने होणारी शब्बाथची सामूहिक प्रार्थना मात्र सगळीकडे तेव्हाच रूढ होती असं दाखवता येत नाही, इथे मॅके बरोबर आहेत. थांबण्यामुळे मोकळा वेळ झाला, आणि त्या वेळात वाचन, मग प्रार्थना येऊन बसली. पण थांबणं हे पहिल्यापासूनच देवाच्या आज्ञेने थांबणं होतं.

गंमत म्हणजे ज्यू परंपरेने स्वतः हा वाद मिटवलेला नाही. जेरुसलेम तालमुदात दोन मतं शेजारी शेजारी आहेत: शब्बाथ आणि सण दिले ते खाण्यापिण्यासाठीच, आणि शब्बाथ आणि सण दिले ते तोराच्या अभ्यासासाठीच. बाबिलोनी तालमुदात सणांबद्दल रब्बी यहोशुआचं मत येतं की दिवस वाटून घ्या, अर्धा देवाला, अर्धा तुम्हाला. म्हणजे 'की' त्यांनाही पडला होता. फरक इतकाच की त्यांनी एक बाजू खोडली नाही, दोन्ही लिहून ठेवल्या.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस कमिटीपुढे देण्याआधी तीन गोष्टी करून बघा.

एक, तुमच्या मुख्य संज्ञेची व्याख्या लिहा आणि तिच्या बाहेर काय पडतं त्याची यादी करा. ठळक पुरावाच बाहेर पडत असेल, तर निष्कर्ष पुराव्यातून निघत नाहीये, व्याख्येतून निघतोय.

दोन, 'उल्लेख नाही' असं लिहाल तिथे विचारा, या साक्षीदाराने उल्लेख करायला हवा होता का? आणि त्याला ते दिसू तरी शकत होतं का?

तीन, तुमच्या प्रश्नातले दोन शब्द ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिताय त्यांच्या भाषेत वेगळे आहेत का, ते तपासा. त्यांच्याकडे दोन्हींसाठी एकच क्रियापद असेल, तर तुमचं प्रकरण त्या क्रियापदापासून सुरू करा.

माझ्या प्रकरणाचं नवं शीर्षक आहे 'शनिवार पाळणे'. मॅडमनी अजून वाचलेलं नाही. समासात काय येतं ते बघू.